विश्लेषण : गावोगावच्या ‘मॅरेथॉन’मध्ये हौशी धावपटू कुठे?

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा वाढला, की विदर्भातील चौकाचौकांत शर्यतींचे फलक लागू लागतात. कुठे पोलिसांची एकता दौड, कुठे डॉक्टरांच्या संघटनेची मधुमेह जनजागृती दौड, कुठे शिक्षण संस्थेचा वर्धापन दिन, तर कुठे एखाद्या नेत्याचा वाढदिवस. टी-शर्ट, पदक, झुम्बा, सेल्फी पॉइंट आणि शेवटी पोहे-उपमा असा सगळा थाट असतो. नागपूर, पुणे, मुंबईच्या शर्यतींचे हे छोटे रूप आता तालुक्यापर्यंत पोहोचले आहे. मात्र, नोकरी किंवा दुकान सांभाळून, वयाच्या चाळिशीत-पन्नाशीत धावायला लागलेल्या साध्या माणसाला या शर्यतींतून नेमके काय मिळते आणि वर्षातले उरलेले ३६४ दिवस तो धावतो कुठे, याचा विचार फारसा होत नाही. वर्धा शहराला खेटून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीतून पाहिले, तर हा प्रश्न अधिक ठळक होतो.

बोरगाव मेघेतून धावायचे कुठे?

बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी ही वर्ध्याभोवतीची गावे. यातील बोरगाव मेघेला जनगणनेने ‘जनगणना शहर’ म्हटले आहे. लोकसंख्या, घनता आणि शेतीबाहेरचा रोजगार या तीन निकषांवर गाव शहरी ठरते, पण कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो, अशा वस्तीला हे नाव आहे. लोक शहरासारखे राहतात, नोकऱ्या शहरात करतात, वाहने शहराइतकी आहेत. पण बाग, पदपथ, मैदान, दिवाबत्ती यांसाठी नगरपालिकेचा पैसा आणि यंत्रणा नाही. वर्ध्याच्या हद्दवाढीची चर्चा अधूनमधून होते, तेव्हा भर असतो तो कर आणि पाणी यांवर. मैदानाचा विषय त्यात क्वचितच येतो.

त्यामुळे धावणाऱ्यापुढे उरतो तो रस्ता. वर्ध्याचे जिल्हा क्रीडा संकुल आहे, हनुमान टेकडीचा परिसर आहे, पण कामावर वेळेत पोहोचायचे असलेला माणूस पहाटे गाडी काढून तिथवर जाईलच असे नाही. तो घराच्या फाटकातून निघतो आणि डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याला लागतो. सिमेंटचा रस्ता गाडीला चांगला, पण त्याच्या कडा डांबरी रस्त्यापेक्षा उंच असतात. बाजूची मुरमाची पट्टी खचलेली असते, अंधारात तिथे घोटा मुरगळतो. म्हणून धावणारा पट्टी सोडून रस्त्यावर येतो आणि मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत सापडतो. महिलांच्या बाबतीत अंधार आणि मोकाट कुत्री हे आणखी दोन अडथळे. पहाटे साडेचारला पुरुष एकटा निघू शकतो, बाईला सोबत शोधावी लागते किंवा उजाडण्याची वाट पाहावी लागते. उजाडले की रहदारी वाढते.

सावलीचा मुद्दाही किरकोळ नाही. वर्धा-सेवाग्राम मार्गावरची जुनी झाडे रुंदीकरणासाठी तोडण्यास २०२० मध्ये शहरातील नागरिकांनी विरोध केला होता. त्या विरोधामागे गांधीजींच्या काळाचा वारसा होता, पर्यावरण होते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात चालणाऱ्या-धावणाऱ्यासाठी झाडांची रांग ही सोयही आहे. रुंद झालेल्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढतो आणि सावली जाते. पायी माणसाला दोन्हीकडून तोटा.

हा धोका कागदावरचा नाही. ७ ऑगस्ट २०२५ रोजी गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामासाठी बाहेर पडलेल्या मुलांना ट्रकने चिरडले, त्यात चौघांचा जीव गेला. त्याच्या महिनाभर आधी, १४ जुलैला, शंभरी ओलांडल्यावरही मॅरेथॉन धावलेले फौजा सिंग पंजाबात आपल्याच गावाजवळ रस्त्यावर वाहनाच्या धडकेने गेले. त्यांचे वय ११४ सांगितले जात होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाचवा. धावणाऱ्यांची वेगळी नोंद या आकडेवारीत होत नाही. ते पादचाऱ्यांतच मोजले जातात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे स्पष्ट केले. पण हा हक्क महापालिकेच्या हद्दीत मिळवणेही कठीण. जनगणना शहरात तर तो कोणाकडे मागायचा, हेच आधी ठरवावे लागते. गल्लीतला रस्ता ग्रामपंचायतीचा, मोठा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा.

शर्यतीत उतरते कोण?

गावाकडच्या कोणत्याही शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवर तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिली फळी ‘भरतीच्या पोरां’ची. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणे, याला २० गुण. पुरुषांना पूर्ण गुण हवे असतील, तर १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवावे लागतात. म्हणजे किलोमीटरला सव्वातीन मिनिटे. राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर, वनरक्षकासाठी पुरुषांना पाच आणि महिलांना तीन किलोमीटर. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. दर पदामागे शंभर जण, असा हा हिशेब. या मुलांसाठी गावची शर्यत म्हणजे सराव आणि जमलेच तर खानावळीचा महिनाभराचा खर्च.

दुसरी फळी बक्षिसासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरणाऱ्या धावपटूंची. यांना नावे ठेवण्याची पद्धत आहे. ‘तेच ते येतात आणि बक्षीस घेऊन जातात,’ ही आयोजकांची आणि स्थानिकांची नेहमीची तक्रार. पण ती अर्धीच खरी आहे. मॅट, प्रशिक्षक, आहार, बुटांचा जोड यांपैकी काहीही न मिळता वर आलेल्या खेळाडूला रोख रक्कम देणारी दुसरी व्यवस्था ग्रामीण महाराष्ट्रात जवळजवळ नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावल्या. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, मग स्टीपलचेसकडे वळल्या आणि रिओत अंतिम फेरीत दहाव्या राहिल्या. रस्त्यावरची शर्यत ही या भागातल्या धावपटूंची शाळा राहिली आहे, हे विसरून ‘बाहेरचे नकोत’ असा फलक लावणे सोपे आहे.

तिसरा तो हौशी. शिक्षक, परिचारिका, बँकेतला कर्मचारी, किराणा दुकानदार, निवृत्त पोलीस. दहा किलोमीटर तासाभरात संपले, तर तो खूश असतो. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे. पहिल्या फळीचा वेग त्याच्या जवळपास दुप्पट. हे तिघे एकाच रेषेवर, एकाच पिस्तुलाच्या आवाजावर सुटतात. पुढे काय होते ते ज्याने अशी एकही शर्यत पाहिली आहे त्याला सांगायला नको. पहिल्या शंभर मीटरमध्ये ढकलाढकली, शाळेची मुले पायात येतात, कोणी तरी पडतो. मोठ्या शर्यतींत अपेक्षित वेळेनुसार वेगवेगळ्या टप्प्यांत धावपटू सोडले जातात. त्याला लागतात चार दोऱ्या, चार फलक आणि शिट्टी वाजवणारे दोन स्वयंसेवक. खर्च जवळपास शून्य, तरी हे होत नाही.

गंमत अशी, की ‘हौशी’ हा शब्द एकेकाळी धावण्याच्या खेळात फार प्रतिष्ठेचा होता आणि तितकाच क्रूरही. पैसे घेऊन खेळणाऱ्याला ऑलिम्पिकची दारे बंद असत. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने आपल्या नावातून ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द काढला तो थेट २००१ मध्ये. आज हौशी म्हणजे पैसे न घेणारा नव्हे, तर पैसे भरणारा. शर्यतीचा बराचसा खर्च त्याच्या प्रवेशशुल्कावर चालतो. बक्षिसाच्या यादीत मात्र तो कुठेच नसतो.

बक्षिसाची वयोगटवारी पाहा. जागतिक पातळीवर ३५ वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा स्वतंत्र गट असतो. गावच्या शर्यतीत बहुधा ‘खुला’ आणि ‘४५ वर्षांवरील’ असे दोनच. त्यात ४६ वर्षांचा निवृत्त जवान आणि ७० वर्षांचे आजोबा एकत्र धावतात. वयानुसार वेळेचे गुणोत्तर काढण्याचे तक्ते, ज्यांना ‘एज ग्रेडिंग’ म्हणतात, इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांवरून ७० वर्षांच्या माणसाची ६२ मिनिटे तिशीतल्या मुलाच्या किती मिनिटांच्या बरोबरीची, हे मोबाइलवर काढता येते.

ज्येष्ठांचा गट स्वतंत्र असणे किती मोलाचे ठरू शकते, याचे राज्यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण बारामतीचे. मूळच्या बुलडाणा जिल्ह्यातील, शेतमजुरी करणाऱ्या लता भगवान करे साठी ओलांडल्यानंतर तिथल्या शर्यतीत उतरल्या. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे नव्हते आणि बक्षिसाची रक्कम काही हजारांची होती. नऊवारी लुगडे, पायांत काही नाही, आणि ज्येष्ठांच्या गटात पहिला क्रमांक. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट २०२० मध्ये आला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. या कथेचे कौतुक जिद्दीसाठी होते, ते योग्यच. पण त्या शर्यतीत ज्येष्ठांचा वेगळा गट नसता, तर ती जिद्द कोणालाही दिसली नसती. आणि उपचाराच्या खर्चासाठी साठीतल्या बाईला अनवाणी धावावे लागले, ही गोष्ट टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही, हेही आहेच.

‘पाच किलोमीटरची मॅरेथॉन’ म्हणजे काय?

काहीही नाही. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये कायम झाले. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर. बाकी सगळ्या पाच, दहा किलोमीटरच्या शर्यती. फलकावर ‘मिनी मॅरेथॉन’, ‘महामॅरेथॉन’ लिहिण्यात कायद्याची आडकाठी नाही आणि लोकांनाही त्याचे वावडे नाही. खरा प्रश्न नावाचा नसून मोजमापाचा आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीचे अंतर मोजण्याची जगभर मान्य पद्धत सायकलची आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारे छोटे यंत्र बसवतात. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल आधी चालवून पाहतात आणि मग धावपटू जो सर्वांत जवळचा मार्ग घेऊ शकेल त्या रेषेने पूर्ण मार्ग मोजतात. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर धरले जाते. अंतर कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त ठेवतात. गावच्या शर्यतीत मात्र मोटारसायकलचा मीटर किंवा मोबाइलचा नकाशा. त्यात दहा किलोमीटरचे साडेनऊ होतात, कधी साडेदहा.

भरतीच्या मुलाला त्याचे फार वाटत नाही, कारण त्याला क्रमांक हवा असतो. हौशी धावपटूची कमाई मात्र एकच असते, ती म्हणजे त्याची वेळ. गेल्या वर्षी ६४ मिनिटे, यंदा ६१. अंतरच खोटे असेल, तर ही तीन मिनिटेही खोटी. पुढे त्याला मोठ्या शर्यतीत उतरायचे झाले, तर मुंबईत पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या शर्यतीच्या वेळेचे प्रमाणपत्र मागितले जाते. बोस्टनसारख्या शर्यतीत तर प्रमाणित मार्गावरची वेळच चालते. स्थानिक शर्यतीचे रंगीत प्रमाणपत्र तिथे कामाचे नाही.

वेळेबाबत आणखी एक घोळ. बिबवर किंवा बुटाला चिप असेल, तर दोन वेळा निघतात. एक पिस्तूल वाजल्यापासूनची, दुसरी धावपटूने स्वतः रेषा ओलांडल्यापासूनची. अधिकृत क्रमवारी पहिलीवर ठरते, स्वतःची प्रगती दुसरीवर मोजायची. दोन हजार लोकांच्या गर्दीत मागे उभा असलेला माणूस रेषेपर्यंत पोहोचायलाच दोन-तीन मिनिटे घेतो. आयोजक अनेकदा एकच वेळ छापतात, तीही कोणती ते न सांगता.

धोका कशाचा, हृदयाचा की उन्हाचा?

धावताना कोणी कोसळल्याची चित्रफीत फिरली, की ‘धावणे घातक’ असा निष्कर्ष लगेच निघतो. यावर सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतला आहे. २००० ते २०१० या काळातल्या पूर्ण आणि अर्धमॅरेथॉनमधील १ कोटी ९ लाख धावपटूंची माहिती २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ५९ जणांचे हृदय बंद पडले, ४२ दगावले. त्याच गटाने २०१० ते २०२३ चा पुढचा आढावा २०२५ मध्ये मांडला. या वेळी धावपटू २ कोटी ९३ लाख, हृदय बंद पडल्याच्या घटना १७६, मृत्यू ५९. म्हणजे हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेच राहिले, लाखात अर्ध्याच्या आसपास. मृत्यूचे प्रमाण मात्र निम्म्यावर आले. पूर्वी दहांतले सात जात, आता तीन-साडेतीन.

माणसांची हृदये दहा वर्षांत सुधारली नाहीत. बदलले ते रस्त्याच्या कडेला उभे असलेल्यांचे शिक्षण. छातीवर दाब देणारा माणूस लगेच हजर होणे आणि शॉक देणारे स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, काही मिनिटांत पोहोचणे, यावर सगळा फरक पडला. आपल्याकडच्या शर्यतीत रुग्णवाहिका असते, पण बहुधा शेवटच्या रेषेवर, मंडपाजवळ. मार्ग जाऊन येऊन असेल, तर पाचव्या किलोमीटरवर कोसळलेल्या माणसापर्यंत ती समोरून येणाऱ्या गर्दीतून कशी पोहोचणार? आणि आपल्याकडे काळजी जास्त घ्यावी असे कारणही आहे. ‘इंटरहार्ट’ या अनेक देशांत झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असे दिसले, इतरत्र तो जवळपास ५९ व्या वर्षी. चाळिशीनंतर, मधुमेह किंवा रक्तदाब असताना, कधीच तपासणी न करता एकदम दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरणारा हौशी धावपटू नेमका याच गटातला.

या बाबतीत वर्धा सुदैवी आहे. सेवाग्रामचे १९६९ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आणि सावंगी मेघेचे वैद्यकीय महाविद्यालय अशी दोन मोठी शिक्षण रुग्णालये शहराच्या दोन बाजूंना आहेत. एवढ्या लहान शहराजवळ अशी जोडी क्वचितच सापडेल. छातीवर दाब देता येणारे शेकडो विद्यार्थी ज्या शहराच्या आसपास राहतात, तिथे शर्यतीच्या मार्गावर दर किलोमीटरला प्रशिक्षित माणूस उभा करणे अवघड नसावे.

दुसरा धोका उन्हाचा आणि तो विदर्भात हृदयापेक्षा रोजचा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हवा धावण्याजोगी असते. फेब्रुवारीच्या शेवटी सूर्य वर आल्यावर चटका बसू लागतो. अशा वेळी शर्यत पहाटे साडेपाचला सुटणार असे पत्रिकेत असते, सुटते साडेसहाला, कारण हिरवी झेंडी दाखवणारे प्रमुख पाहुणे यायचे असतात. मग भाषण. अंग गरम करून उभी असलेली माणसे तासभरात थंड पडतात आणि शेवटचे धावपटू आठ वाजेपर्यंत उन्हात राहतात. पुढचे धावपटू कधीच घरी गेलेले असतात. उष्माघात होतो तो मागच्यांना. २००७ मध्ये शिकागोची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली होती, तीही ऑक्टोबरमध्ये. उष्माघाताचा संशय आल्यास आधी जागेवरच बर्फाच्या पाण्याने अंग थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा नियम. म्हणून वाटेवर बर्फ आणि मोठे टब लागतात. रुग्णवाहिकेत घालून पळवण्यात मोलाची मिनिटे जातात.

पाण्याचेही दोन टोके आहेत. दहा किलोमीटरपर्यंतच्या शर्यतीत हवा गरम असेल, तर दर दोन-तीन किलोमीटरला, त्याहून लांब शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरला पाण्याची सोय असावी, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. काही ठिकाणी दुसऱ्याच टेबलावर पाणी संपलेले असते. उलट बाजूला, प्रत्येक टेबलावर थांबून बाटलीभर पाणी पिणारेही असतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोकादायकरीत्या नसले, तरी नेहमीपेक्षा कमी आढळले. त्यातल्या काहींचे मात्र फारच उतरले होते. जास्त वेळ रस्त्यावर राहणारे आणि धावताना वजन वाढेल इतके पिणारे यात पुढे होते. म्हणजे पुन्हा हौशीच. तहान लागेल तेवढे प्यावे, हा जुना सल्लाच शहाणपणाचा.

भरतीच्या मुलांचा धोका वेगळा आहे आणि तो शर्यतीपुरता नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. दमट हवा, रात्रभरचा प्रवास, उपाशी पोट आणि नोकरीचा दबाव. आपल्या शर्यतींतही आदल्या रात्री बसस्थानकावर झोपून सकाळी रेषेवर उभी राहणारी मुले असतात. त्यांना पाणी आणि केळे शर्यतीनंतर नव्हे, आधी मिळायला हवे.

परवानगी कोणाची?

रस्त्यावर शर्यत घ्यायची तर पोलिसांची परवानगी लागते. वाहतूक वळवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे वाहनांवर निर्बंध घालणारी अधिसूचना लागते. वर्ध्यातून निघून आजूबाजूच्या गावांतून परत येणाऱ्या दहा किलोमीटरच्या मार्गावर नगरपरिषद, एखाद-दोन ग्रामपंचायती आणि बांधकाम विभाग एवढे सगळे येतात. आयोजक बहुतेक वेळा पोलिसांचे पत्र घेतो आणि थांबतो. तांत्रिक बाजू, म्हणजे मोजमाप, पंच, वय पडताळणी ही जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेच्या कक्षेतली. पण त्यांना बोलावणे ऐच्छिक समजले जाते.

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ असे वाक्य असते. ते वाचून बहुतेकांना वाटते, की काही झाले तर आयोजकाला विचारता येणार नाही. तसे नाही. शुल्क घेऊन सेवा देणाऱ्यावर योग्य काळजी घेण्याची जबाबदारी येतेच. वाहने न थांबवणे किंवा पाणी न ठेवणे हा निष्काळजीपणा त्या एका वाक्याने पुसला जात नाही. धावपटूनेही अर्ज भरताना चार गोष्टी विचाराव्यात : मार्ग कोणी मोजला, वाहने पूर्ण बंद राहणार की एकाच बाजूने, मधल्या टप्प्यावर वैद्यकीय पथक आहे का आणि अपघात विमा आहे का. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच.

दुसरा मार्ग आहे का?

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले. पॉल सिंटन-ह्युइट यांनी सुरू केलेला हा ‘पार्करन’ आज अनेक देशांत दर आठवड्याला होतो. शुल्क नाही, बक्षीस नाही, पाहुणे नाहीत. स्वयंसेवक वेळ नोंदवतात, निकाल त्याच दिवशी लागतो. दिवस गांधी जयंतीचा होता, हा निव्वळ योगायोग. पण सेवाग्राम ज्या शहराच्या शेजारी आहे, तिथे तो नजरेत भरतो खरा.

अशा उपक्रमाला मोठा पैसा लागत नाही. लागतो तो आठवड्यातून एक तास वाहनांपासून मोकळा असलेला, एकदा नीट मोजलेला अडीच किलोमीटरचा पट्टा. जाऊन येऊन पाच. बोरगाव मेघे आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी मिळून रविवारी सकाळी साडेपाच ते साडेसात असा एखादा रस्ता मागितला, तर निर्णय जिल्हा प्रशासन आणि पोलिसांच्या हातात आहे. कलम ११५ एका दिवसाच्या शर्यतीसाठी वापरता येते, तसे ते दर रविवारच्या दोन तासांसाठीही वापरता येते. भरतीच्या मुलांना तिथे मोजलेले १६०० मीटर मिळतील, आज ते विजेच्या खांबांवरून अंदाज बांधतात. ज्येष्ठांना चालता येईल. महिलांना सोबत शोधावी लागणार नाही.

वर्षातून एकदा होणाऱ्या शर्यतीवर टी-शर्ट, मंच, ध्वनिक्षेपक आणि फलकांपोटी जो खर्च होतो, त्यापुढे पांढरा रंग, दोन अडथळे आणि चार होमगार्ड यांचा खर्च किरकोळ आहे. अडचण वेगळीच आहे. अशा रविवारी हिरवी झेंडी दाखवायला कोणी लागत नाही, त्यामुळे त्याचा फलकही कोणी लावणार नाही.

जानेवारीत दहा किलोमीटर धावायचे असेल, तर नवख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून आठवड्यातून तीन-चार दिवस तयारीला लागावे, असे साधारण गणित आहे. आधी चालणे, मग चालत-धावत, आठवड्याला दहा टक्क्यांहून फारशी वाढ नाही. वर्ध्यात ऑक्टोबरमध्ये सूर्योदय साधारण सव्वासहाला होतो आणि सोयाबीनच्या हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो. उलट्या दिशेने, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून उजव्या कडेने धावावे, अंगात परावर्तक पट्ट्यांचा बनियन असावा आणि कानात गाणी नसावीत.